शत्रू नसलेला खेळ

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते जांबे गावातल्या आमच्या घरमालकांचं. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते मोजायचं नसतं. शाळेतल्या सरांचं आहे, मामांचं आहे. पण आज मी ज्या खुर्चीत बसून पगार घेतो तिथपर्यंत मला कुणी आणलं असं विचारलं, तर मी मालकांकडेच बोट दाखवीन. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून मी कृतघ्न आहे असं कुणाला वाटायला नको. मालकांनी कंप्युटरवर एक खेळ तयार केला. मी आजवर खेळलेला तो सर्वांत वाईट खेळ आहे.

ज्यांना असे खेळ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात गाड्या पळवायच्या नसतात, गोळ्याही झाडायच्या नसतात. खेळणारा एक नायक होतो. गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लोक सांगतील ती कामं करतो. वाटेत शत्रूंशी लढून त्याची ताकद वाढते आणि शेवटी सगळ्यांत मोठ्या राक्षसाशी गाठ पडते. मोठ्या कंपन्या असा एक खेळ करायला शेकडो माणसं लावतात. पण जगभर काही हौशी माणसं अशी आहेत, की जी हे सगळं एकट्याने, घरी बसून, नोकरी सांभाळून करायला जातात. मालक त्यांतले. फरक एवढाच, की मालकांना सांभाळायला नोकरी नव्हती. तीन मजले भाड्याच्या खोल्या होत्या आणि पाण्याची मोटार होती.

ती मोटार ते विसरायचे. सकाळी सगळ्या मजल्यांवर अंघोळीची घाई, कंपनीच्या बस रस्त्याला लागलेल्या, आणि टाकी रिकामी. साबण लावलेला एखादा भाडेकरू टॉवेल गुंडाळून जिन्यात यायचा आणि वर तोंड करून ओरडायचा, "मालक, पाणी!"

गच्चीवरून उत्तर यायचं, "थांब की जरा! राजा शिंव्हासनावर बसतुया!"

गच्चीवर टाकीशेजारी पत्र्याची एक खोली होती. ते त्यांचं ऑफिस. अंगात बंडी, खाली पायजमा, डोक्यावर टोपी आणि टोपीवरून कानाला हेडफोन, अशा थाटात ते एका फिरत्या खुर्चीत बसलेले असायचे. खुर्ची कुठल्याशा कंपनीने भंगारात काढलेली होती, तिला एक चाक कमी होतं, त्यामुळे मालक कायम डावीकडे कललेले. कंप्युटर एका भाडेकरूने परदेशी जाताना मागे ठेवलेला. त्याच पोराने जाता जाता खेळ बनवायचं तयार सॉफ्टवेअरही घालून दिलं होतं. त्यात झाडं, घरं, माणसं सगळं आयतं मिळतं, आपण फक्त मांडायचं आणि बोलणी लिहायची. "त्यानं मला चूल दिली," मालक सांगायचे, "सैपाक माझा." कंप्युटर अडकला की ते त्याला बैलाला चुचकारावं तसे चुचकारायचे. "चल माझ्या राजा, चल, यवढा चढ काढ." तरी नाही हलला की त्याच्या आईचा उद्धार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलो. वडील आडतीवर हमाली करायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. खोली बघायला आलो तेव्हा मालकांनी विचारलं, "शिक्षान काय?"

"बीएस्सी. कंप्युटर सायन्स."

"मंग आजपासनं तुझं नाव बीएस्सी."

ते सगळ्यांना असंच करायचे. वरच्या मजल्यावर एक बीटेक होता, खाली एक एमबीए होता, आणि कोपऱ्यातल्या खोलीत एकजण होता त्याला ते नुसतं 'बिहार' म्हणायचे. बाकीचे चिडायचे. मला मात्र ते ऐकायला फार आवडायचं. आमच्या गल्लीत मला पदवीने हाक मारणारं कुणी नव्हतं. इथे एक माणूस रोज गच्चीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ती हाक मारत होता.

माझ्या खोलीतल्या दोघांना नोकऱ्या लागल्या, ते गेले. मला लागेना. मुलाखतीत इंग्रजी अडायचं आणि इंग्रजी अडलं की येत असलेलंही विसरायचं. शेवटी एक दिवस मी गच्चीवर गेलो.

"मालक, मी गावाकडं जातो. तिकडूनच अर्ज करीन."

"तितं कुटली कंपनी हाय?"

"कुठलीच नाही."

"मंग तितं काय कंपन्या तुला हुडकत येणार हायेत व्हय? ऱ्हा हितंच. नोकरी लागंपातुर ऱ्हा. काम काय न्हाई. फकस्त माझा खेळ खेळायचा आन कुटं आडतुया त्ये सांगायचं."

मला वाटलं, देव पावला. मी तोवर खेळ बघितला नव्हता.

खेळ सुरू होतो तो जगाच्या उत्पत्तीपासून. काळ्या पडद्यावर अक्षरं वर सरकत राहतात. आधी अंधार होता, मग पाणी, मग डोंगर, मग डोंगरावर पहिला पुरुष, मग त्याची मुलं, मग त्या मुलांच्या वाटण्या. वाटण्या सगळ्या सांगितल्या आहेत. कुणाला कुठली नदी गेली, कुणाला कुठला डोंगर. मग एकदाचा नायक वेशीत येतो. तलवार उपसावी म्हणून मी बटण शोधतो तर समोर मांडव. नायकाचा सत्कार. शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी. मग स्वागताचं भाषण. एक ओळ येते, बटण दाबायचं, की दुसरी ओळ. ते भाषण संपलं की दुसरा वक्ता. मग तिसरा. पहिल्या दिवशी माझ्या हातात तलवार आली तेव्हा मालकीणबाई, आमच्या काकू, जेवायला हाका मारत होत्या. पुढच्या गावात गेलो तर तिथेही मांडव.

"मालक," मी म्हणालो, "भाषणं गाळायला एक बटण ठेवा. प्रत्येक खेळात असतं. खेळणारा कंटाळतो."

"कुणाचं गाळू?"

"सगळ्यांचंच."

"ह्यो दुसरा बोलतुया ना, त्यो माझा साडू हाय. त्याचं भाषान गाळलं तर आमच्या हिला भनीच्या घरी कोन पाणी तरी इचारंल का?"

"अहो, तो खेळात प्रधान आहे."

"खेळात आसंल परधान. पंगतीला शेजारी बसतो तवा साडूच आसतो."

तेव्हा मला कळलं. खेळातला प्रत्येक माणूस खराखुरा होता. भावकी, सोयरे, शेजारी, दूधवाला, सगळे. मालकांनी तयार चित्रांतून ज्याचं नाक ज्याला जुळेल ते त्याला दिलं होतं आणि ज्याचं बोलणं त्याच्या तोंडी घातलं होतं. आणि त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "कुणाचा रं तू?" खेळणाऱ्याने बाप सांगायचा, आजा सांगायचा, आईचं माहेर सांगायचं. 'आधी वळख, मंग लढाई' हे मालकांचं ब्रीद होतं. मी एकदा घाईघाईत आईचं माहेर चुकीचं दाबलं, तर पुढच्या पाच गावांनी मला दारात उभं केलं नाही. खेळ पुन्हा जगाच्या उत्पत्तीपासून सुरू करावा लागला.

पण खरी गोम वेगळीच होती. अशा खेळाला शत्रू लागतो. मालकांच्या खेळाला शत्रू मिळेना.

सुरुवातीला त्यांनी एक चोर घातला होता. कुणासारखा केला नव्हता, असं ते शपथेवर सांगायचे. पण एका भाडेकरूने मोबाइलवर त्याचा फोटो काढला, तो गावात फिरला आणि चुलतघराण्यातले तिघेजण तीन वेगळ्या दिवशी जिना चढून आले. तिघांचंही म्हणणं, हा चोर आमच्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. तिसऱ्याच्या म्हाताऱ्याची मिशी तर अजिबात जुळत नव्हती. मालकांनी चोर काढला. त्या जागी एक कपटी सावकार घातला, तर पतपेढीतल्या एकाने रस्त्यात रामराम करणं सोडलं. सावकारही गेला. मग कंटाळून त्यांनी माणसांचा नाद सोडला आणि एका वेशीवर पिसाळलेली कुत्री बसवली. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी हजर.

"ती आमची खंडी हाय. कानावर डाग हाय तिच्या."

"मावशे, ह्यो खेळ हाय."

"आसंना का. ती कुनाला चावत न्हाई."

मालकांनी कुत्री माणसाळवली. आता ती नायकाच्या मागे शेपूट हलवत येते आणि कशाच्याही उपयोगाची नाही. उरली ती रानडुकरं. एवढं मोठं राज्य, एवढ्या वंशावळी, एवढे सत्कार, आणि हातात तलवार घेतलेला नायक कशाशी लढतो, तर रानडुकरांशी. ती पण सगळी सारखी दिसणारी, सारखी मरणारी. मी वैतागून म्हणायचो, "मालक, कंटाळवाणं आहे." इतर चुका सांगितल्या की ते निमूट ऐकायचे. हा शब्द मात्र त्यांना लागायचा. "कटाळा ह्यो दोष न्हाई, बीएस्सी. त्यो खेळनाऱ्याचा सोभाव हाय."

राजा होते दादा. दादा म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. समोरच राहायचे, मध्ये फक्त अंगण आणि त्यात उभ्या भाडेकरूंच्या मोटारसायकली. वाटणीच्या वेळी दादांनी आपल्या पसंतीने डोंगराकडची जमीन घेतली होती, कारण विहीर तिकडे होती. रस्त्याकडचा माळ मालकांना राहिला. मग कंपन्या आल्या, रस्ता रुंद झाला आणि माळावर तीन मजले उभे राहिले. दादांनी बोलणं टाकलं ते तेव्हापासून. चूक कुणाचीच नव्हती, आणि भांडण मिटत नव्हतं ते म्हणूनच. माफी मागायची म्हटली तर कशाची? मालकांनी सगळं करून पाहिलं होतं. सणाला ताट पाठवलं, ते झाकलेलंच परत आलं. म्हणून त्यांनी खेळात भावाला राजा केलं, सोन्याचं सिंहासन दिलं आणि सगळ्यांत लांब भाषण दिलं.

दादा मला एकदा चहाच्या टपरीवर भेटले. मला ओळखत होते, भाडेकरू म्हणून.

"काय रं, त्यो वरती दिसभर काय करतुया?"

"खेळ बनवतात, दादा."

"पोरखेळ." त्यांनी बशीत चहा ओतला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आन मला काय केलाय म्हनं त्यात?"

"राजा."

"व्हय. शिंव्हासन मला आन राज्य त्याला. हितंबी तसंच."

मी हे मालकांना सांगितलं नाही.

मला नोकरी लागली ती सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची. मुलाखतीला कंपनीवाल्यांनी तिकिटं काढायच्या एका नमुन्याचा पडदा समोर ठेवला आणि म्हणाले, यात काय बिघडलं आहे ते सांगा. इंग्रजी मोडकंच होतं, पण मालकांच्या राज्यात इतके दिवस काढलेल्या माणसाला तो पडदा म्हणजे उघडं पुस्तक होतं. मी सांगत सुटलो, ते थांबा म्हणेपर्यंत. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्या घरमालकांकडे. त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. पण घेतलं. मालकांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले आणि जिन्यात थबकून म्हणाले, "आता माझा खेळ कोन खेळनार?"

पुढे मी महाळुंग्याला कंपनीतल्या दोघांबरोबर फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि सुट्टीच्या दिवशी जगभरच्या हौशी लोकांनी केलेले असे खेळ शोधून खेळू लागलो. मालकांचाच खेळ एवढा वाईट का, हे मला समजून घ्यायचं होतं. समजलं ते असं, की मालक एकटे नाहीत. एका खेळात नायक स्मृती हरवून समुद्रकिनारी जागा होतो आणि हळूहळू त्याला सगळं आठवतं. न आठवतं तर बरं झालं असतं. एकात करणाऱ्याने त्या जगाची भाषा बनवली आहे, लिपी बनवली आहे, पंचांगसुद्धा बनवलं आहे, फक्त दुसऱ्या घराचं दार उघडत नाही. एकात शंभरावर तलवारी आहेत, नावं निराळी आणि धार एकच. एकात भेटेल तो माणूस आपल्या बालपणीचं दुःख सांगत बसतो, पाववालासुद्धा. मला पाव हवा होता. हे सगळे लोक पाहुण्याला घरी बोलावून लग्नाचा अल्बम दाखवणाऱ्या यजमानासारखे असतात. पाहुण्याला तहान लागली आहे का, हे त्यांच्या मनातही येत नाही.

मला त्यांच्या साध्या चित्रांचा राग नाही. गरिबीची मला सवय आहे. राग येतो तो हावेचा. एक खोली धड बांधता येत नाही आणि नकाशा राजवाड्याचा. एक माणूस खरा बोलता करता येत नाही आणि प्रजा हजाराची. आणि वर म्हणायचं, एकट्याने केलं आहे, जरा सांभाळून घ्या. एकट्याने करायला सांगितलं कुणी होतं? एकट्याने एक आंबा लावावा. हे देवराई लावायला जातात आणि एकाही झाडाला पाणी घालत नाहीत. या जातीचे खेळ मी आता एवढे खेळलो आहे की पहिल्या काळ्या पडद्यावरच पुढचं सगळं कळतं. आणि प्रत्येक वेळी वाटतं, निदान मालकांचा प्रधान कुणाचा तरी साडू होता.

या वर्षी जत्रेच्या आधी मालक महाळुंग्याला आले. सोसायटीच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला, कोई मालिक आया है. खाली गेलो तर मालक, खांद्यावर इंद्रायणी तांदळाची पिशवी, आणि वॉचमनला विचारत होते, "कुनाचा रं तू?" वर येऊन ते पाणी प्यायले, त्यांनी घर बघितलं, आणि बंडीच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"पुरा झाला."

"शेवटपर्यंत? राक्षसासकट?"

"राक्षसासकट. जत्रंत पडदा लावनार हायेत ह्या टायमाला. कमिटीला सांगितलंय, पयल्यांदा माझा खेळ. आन पयलं बटन दाबायला दादाला बोलवायचा. कमिटीनं बोलावलं तर त्याला न्हाई म्हनता येत न्हाई, मान हाय त्याचा." पेन ड्राइव्ह त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "दाखवू का नगं, त्ये तू सांग."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आत्ता न्हाई. खेळ आन मंग लिहून दे. तोंडावर समदे चांगलंच बोलत्यात. तू बी बोलशील, तांदूळ आनलाय म्या."

संध्याकाळी काकूंचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता, म्हणजे त्या मालकांपासून दूर, मोरीत उभ्या होत्या.

"बीएस्सी, ह्यांना नगं म्हनून लिव्ह. तुझंच ऐकत्याल. साऱ्या गावाम्होरं फजिती व्हनार. गाव हसलं तर हसू दे, त्याचं काय न्हाई. पन दादा म्होरं बसत्याल. त्ये हसले तर ह्ये परत त्या आंगनात उभं ऱ्हायाचं न्हाईत."

पुढचे दोन रविवार मी खेळलो. काळा पडदा होता तसाच होता, वाटण्यांत भर पडली होती. सत्कार वाढले होते. खंडी शेपूट हलवत होती. रानडुकरं मारून मारून मी राजापर्यंत पोहोचलो, राजाचं भाषण ऐकलं, आणि त्याने मला राक्षसाच्या गुहेत पाठवलं. मग मी कागद घेतला. जे पत्र मी मालकांना पाठवलं ते असं:

आदरणीय मालक,

सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं लिहून देतो आहे. तांदूळ फार चांगला निघाला, पण त्याचा या पत्राशी संबंध नाही.

खेळ वाईट आहे. पहिल्यांदा खेळलो तेव्हा वाईट होता, आता वाईट आणि मोठा आहे. जत्रेत तुम्ही तो सुरुवातीपासून लावलात तर पहिला सत्कार संपायच्या आत पोरं शिट्ट्या मारतील आणि दुसरा सुरू झाला की लोक पाळण्याकडे जातील. ज्यांची भाषणं तुम्ही जपून ठेवली आहेत तेच सगळ्यांत आधी उठतील, कारण आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कुणालाच आवडत नाही. दादांना मात्र उठता येणार नाही. त्यांना शेवटपर्यंत पुढच्या खुर्चीत बसून तुमची फजिती बघावी लागेल. काकूंना हीच भीती आहे आणि ती खरी आहे.

राजाचं भाषण मी दोनदा वाचलं. सगळ्या खेळात ते सर्वांत खोटं आहे. राजा म्हणतो, मी सगळ्यांना क्षमा केली, ज्याचं त्याला लखलाभ असो. मालक, दादा असं बोलत नाहीत. तुम्हीच क्षमा लिहिली आणि तुम्हीच ती घेतली. मी खेळलेल्या सगळ्या हौशी खेळांत ही खोड आहे. बाहेर जे कुणी म्हणत नाही ते खेळातल्या माणसांकडून वदवून घ्यायचं. तो पडदा दादांना दाखवलात तर ते आणखी काही वर्षं बोलणार नाहीत, आणि मला त्यांचं चूक वाटणार नाही.

आता राक्षसाबद्दल. गुहेत शिरलो, काळोख झाला, ढोल वाजले, आणि समोर तुम्ही. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, डावीकडे कललेले. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या कुनाचं त्वांड लावू? भावकी कोर्टात जाईल." ते मला पटलं. राक्षस मला कुणाचा तू असं विचारत नाही. एवढंच म्हणतो, "ये. लई येळ लावलास. मार." सगळ्या खेळात एवढं एकच वाक्य मला खरं वाटलं. मी मारलं. दोन फटक्यांत तुम्ही पडलात आणि खेळ संपला. एवढे डोंगर, नद्या आणि वाटण्या पार करून आलेल्या माणसाला दोन फटके! तुम्ही फोनवर म्हणालात, माझ्यात दम कितीसा असणार. हे चालणार नाही.

मी मोठ्याने हसलो म्हणून माझ्या खोलीतले दोघे बघायला आले. एक ओडिशाचा आहे, एक केरळचा. त्यांना मराठी येत नाही आणि तुम्ही कोण तेही माहीत नाही. मी सांगितलं, हे आमचे घरमालक. तर दोघांनी मला खुर्चीतून उठवलं. दोघांनीही आपापल्या घरमालकांच्या नावाने तुम्हाला मारलं, मग पुन्हा पहिला बसला. जेवण गार झालं. तुमच्या खेळासाठी कुणी जेवण गार होऊ दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणून माझं मत असं आहे. दाखवा, पण एवढंच दाखवा. जगाची उत्पत्ती, सत्कार, राजा, प्रधान, सगळं घरी ठेवा. पडद्यावर फक्त तुम्ही उभे राहा. गाव हसेल, आणि हसायलाच पाहिजे. तुमचे साडू येतील, पतपेढीतले येतील, तीन म्हाताऱ्यांची पोरं येतील, सगळ्यांना एकेकदा बटण दाबू द्या. कुणी नको म्हणणार नाही. पहिला मान दादांचा. ते उठतील की नाही ते मला सांगता येत नाही, तुम्हालाही सांगता येणार नाही. पण उठले तर, मालक, राक्षसाच्या अंगात चांगला दम घालून ठेवा. इतक्या वर्षांचं साठलेलं आहे. दोन फटक्यांत त्यांचं भागणार नाही.